जखम लहान, विलंब मोठा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)





आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मजसारख्या सामान्य कापड व्यापाऱ्यास दिला, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नाही. तरीही आजचा विषय आजारपणाचा आहे, कारण या आजारातून मी स्वतः गेलो आहे. तो आजार म्हणजे त्वचेखालील मऊ ऊतींचा झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग. डॉक्टर त्यास ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’ म्हणतात. नाव अवघड आहे, पण रोग आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही. मधुमेह असलेल्या कोणाच्याही पायाला झालेल्या साध्या खरचटण्यातून तो येऊ शकतो.

२०१९ चे पर्युषण पर्व होते. मी अठाईचे पच्चक्खाण घ्यावयाचे ठरविले होते. बारा वर्षांपासून मला मधुमेह आहे. डॉक्टरांना न विचारताच मी गोळ्या बंद केल्या. अन्नच घ्यावयाचे नाही तर गोळी कशाला, असा माझा हिशोब होता. दुसऱ्या दिवशी दुकानात कापडाची गठाण उघडताना तिच्यावरील लोखंडी पट्टी उसळून डाव्या पोटरीला लागली. जखम बोटभर लांबीची होती. हळद भरली, फडके बांधले आणि स्थानकात जाऊन बसलो.

चौथ्या दिवशी रात्री पाय ठणकू लागला. जखम लहान आणि वेदना मात्र असह्य, असा तो विलक्षण प्रकार होता. पाचव्या दिवशी थंडी वाजून अंग कापले. उपवासामुळे अशक्तपणा आला असेल, असे घरी सांगितले. पोटरी तांबूस होऊन चकाकत होती, ती धोतराखाली झाकून घेतली. सहाव्या दिवशी तेथे जांभळे डाग आणि पाण्याने भरलेले फोड आले. मी कोणास काही सांगितले नाही.

का सांगितले नाही, हे आज या सभेत कबूल करणे मला आवश्यक वाटते. आठव्या दिवसानंतर तपस्वींचा सत्कार होणार होता आणि त्या यादीत माझे नाव होते. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या. पाच दिवस पार पडले होते, उरलेल्या तिहींसाठी तप मोडल्याचे बोलणे मला नको होते. बंधूंनो, त्या क्षणी माझे तप संपले होते आणि अहंकार सुरू झाला होता. उपवास चालू होता, एवढेच.

सहाव्या दिवशी दुपारी मी स्थानकात असंबद्ध बोलू लागलो. सूनबाईंना संशय आला. त्यांनी धोतर बाजूला करून पाय पाहिला आणि महासतीजींना बोलावून आणले. महासतीजी मला एवढेच म्हणाल्या, “श्रावकजी, पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेले असते. ते कशासाठी आहे? आत्ता दवाखान्यात जा.” चाळीस वर्षे मी पच्चक्खाण घेत आलो, त्यातील आगारांचे शब्द कानावरून गेले होते, पण मनापर्यंत पोहोचले नव्हते. ज्यांनी व्रत सांगितले त्यांनीच आजारपणासाठी दार मोकळे ठेवले आहे. ते दार मी आतून कडी लावून बंद केले होते.

आता हा रोग नेमका काय करतो, हे मला समजले तसे सांगतो. आपल्या स्नायूंवर एक पातळ, पांढरे आवरण असते. ते कोटाच्या आतील अस्तरासारखे समजा. या रोगातील जंतू त्या अस्तराच्या कडेने धावतात. वरचे कापड, म्हणजे त्वचा, पहिल्या दिवशी बहुधा चांगलीच दिसते. आत मात्र अस्तर कुजत जाते, रक्तवाहिन्या बंद होतात आणि मग वरची त्वचा काळी पडते. म्हणूनच जखमेच्या मानाने वेदना फार अधिक असतात. पुढे मज्जातंतू नष्ट झाले की वेदना कमी होऊन पाय बधिर होतो, आणि रुग्णास वाटते की आता बरे वाटू लागले. ते बरे वाटणे फसवे असते. रक्तपुरवठाच बंद झालेल्या भागात प्रतिजैविक औषध पोहोचत नाही. त्यामुळे इंजेक्शने आवश्यक असली तरी केवळ त्यांनी भागत नाही. कुजलेला भाग शस्त्रक्रियेने काढूनच टाकावा लागतो.

ही गोष्ट वैद्यकशास्त्रास शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. फ्रँक मेलेनी या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२४ मध्ये पेकिंग येथील वीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या वेळी प्रतिजैविके नव्हती. तरीही लवकर आणि मोठे छेद घेतल्याने त्यांचे बहुसंख्य रुग्ण वाचले. रोगाचे आजचे नाव १९५२ मध्ये रूढ झाले. आज औषधे आहेत, अतिदक्षता विभाग आहेत, तरीही या रोगात साधारणपणे चार-पाच रुग्णांमागे एक दगावतो. पहिल्या चोवीस तासांत शस्त्रक्रिया झाली तर वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

औषधांचा विषय निघाला म्हणून आपल्या धंद्याशी निगडित एक गोष्ट सांगतो. जर्मनीतील गेरहार्ड डोमाक हे शास्त्रज्ञ एका रंग-रसायनांच्या कंपनीत संशोधन करीत. तेथे तयार झालेल्या एका लाल रंगद्रव्यात जंतूंना रोखण्याचा गुण असल्याचे त्यांना आढळले. १९३५ मध्ये त्यांच्या स्वतःच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून संसर्ग पसरला आणि हात कापण्याची वेळ आली. डोमाक यांनी तेच ‘प्रॉन्टोसिल’ तिला दिले. मुलगी वाचली आणि हातही वाचला. १९३९ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले. आयुष्यभर मी कापडाचा लाल रंग पक्का की कच्चा एवढेच पाहिले. त्याच विद्येतून जीव वाचविणारे औषध निघाले, हे मला आजारपणानंतर वाचनात आले.

माझी पहिली शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा सहा दिवस उपाशी असूनही रक्तातील साखर साडेतीनशेच्या वर होती, रक्तदाब खाली गेला होता आणि लघवी जवळजवळ बंद होती. संसर्ग रक्तात उतरला होता. एकोणीस दिवस मी अतिदक्षता विभागात होतो, त्यांपैकी नऊ दिवस कृत्रिम श्वासावर. सहा वेळा शस्त्रक्रियागृहात नेले. प्रत्येक वेळी जखम उघडून, तपासून, उरलेला मृत भाग काढला जात असे. एकदा कापले आणि झाले, असा हा रोग नाही. पुढे जखमेवर हवा शोषून घेणाऱ्या यंत्राची पट्टी लावली आणि शेवटी मांडीची त्वचा काढून पोटरीवर बसविली. पाय वाचला. संवत्सरीच्या दिवशी मी बेशुद्ध होतो. माझ्या वतीने सौभाग्यवतींनी सर्वांना खमावले, असे नंतर कळले.

माझ्या शेजारच्या खाटेवर चोपडा तालुक्यातील एक कापूस उत्पादक शेतकरी होता. वय माझ्यापेक्षा वीस वर्षांनी कमी. शेतात अनवाणी चालताना काटा रुतला, पाय सुजला, पण कापूस वेचणीच्या तोंडावर पैसे नाहीत म्हणून त्याने चार दिवस काढले. त्याचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर मी त्याच्याकडे पाहत असे. तो थांबला होता गरिबीमुळे. मी थांबलो होतो सत्कारासाठी. पाय त्याचा गेला आणि माझा वाचला. या हिशोबाचा मेळ मला आजतागायत लागलेला नाही.

अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेला माणूस बरा झाला, असे घरच्यांना वाटते. वस्तुतः अर्धी वाट तेथून पुढे असते. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलतो. तेथे असताना मला भास होत. छतावरून कापडाचे तागे उलगडत खाली येत आणि पांढऱ्या कपड्यांतील माणसे आपला माल मोजून नेत आहेत, असे मला दिसे. मुलाने दुकान विकले असा आरोप मी त्याच्या तोंडावर केला. बिचारा रडत बाहेर गेला. हा वेडेपणा नव्हे. गंभीर संसर्ग, झोपेचा अभाव आणि गुंगीची औषधे यांमुळे अशा रुग्णांपैकी अनेकांना असे होते आणि बहुधा ते ओसरते. घरच्यांनी ते मनावर घेऊ नये. आपण कोण, कोठे आहोत, आज वार कोणता, हे रुग्णास शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावे.

घरी आलो तेव्हा वजन चौदा किलोंनी घटले होते. हातात चमचा धरवत नव्हता. आयुष्यभर कापडाचे तागे उचललेला माणूस स्वतःच्या खाटेवरून उठू शकत नव्हता. स्नायू इतक्या झपाट्याने झिजतात, याची मला कल्पना नव्हती. रात्री दिवा मालविला की छातीत धडधडे. वाचलेले लक्षात राहत नसे. सूनबाईंनी त्या एकोणीस दिवसांची वही लिहिली होती, अगदी आपल्या रोजमेळासारखी. आज काय केले, कोण भेटून गेले, डॉक्टर काय म्हणाले. ती वही वाचता वाचता माझे हरवलेले दिवस मला परत मिळाले आणि भीती ओसरू लागली. परदेशांतील कित्येक अतिदक्षता विभागांत अशी रोजनिशी ठेवण्याची पद्धत आहे, हे मला मागाहून समजले. सूनबाईंनी ती स्वतःच्या सूज्ञपणाने ठेवली.

पहिल्या महिन्यात भिंत धरून चार पावले, तिसऱ्या महिन्यात गल्लीच्या टोकापर्यंत, आणि सहाव्या महिन्यात दुकानाच्या पायरीवर. व्यायाम शिकविणारे फिजिओथेरपिस्ट आले नसते तर मी वाचूनही अंथरुणाचाच राहिलो असतो. आहाराचाही प्रश्न होता. जखम भरण्यास प्रथिने लागतात. डाळी, मूग, दूध, पनीर, शेंगदाणे यांतून आपल्या शाकाहारी, कंदमूळवर्जित आहारातही ती पुरेशी मिळतात, असे आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता करून दाखविले. एका परिचितांनी विचारले, औषधांनी असंख्य जीव मेले, त्याचे काय? हा प्रश्न मी महासतीजींपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, गृहस्थाचे व्रत संकल्पपूर्वक हिंसेच्या त्यागाचे आहे. देह हे धर्माचे साधन आहे, त्याचे रक्षण करून पुढे काय करता ते पाहा. त्या उत्तरातील शेवटचे चार शब्द मी गाठीशी बांधून ठेवले आहेत.

या वाटेने गेलेले लोक पुढे काय करतात, याची काही उदाहरणे सर्वज्ञात आहेत. नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा १९८१ मध्ये तामिळनाडूत बस अपघात झाला. घोट्याजवळची जखम चिघळून गँगरीन झाले आणि कोवळ्या वयात पाय कापावा लागला. जयपूर फूट लावून त्या चालावयास, मग नाचावयास शिकल्या आणि १९८४ मध्ये मुंबईत पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. ‘नाचे मयूरी’ हा १९८६ चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कॅनडाचे राजकीय नेते ल्युसियाँ बुशार यांचा पाय १९९४ च्या डिसेंबरात याच नेक्रोटायझिंग फॅसायटिसने गेला. १९९६ च्या जानेवारीत ते क्वेबेक प्रांताचे प्रमुख झाले. नोबेल पारितोषिक विजेते अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एरिक कॉर्नेल यांचा डावा हात २००४ मध्ये खांद्यासह काढावा लागला. पुढच्याच वर्षी ते प्रयोगशाळेत परतले.

जयपूर फूटचा उल्लेख झाला, तेव्हा आपल्या समाजाचे एक ऋण सांगणे कर्तव्य आहे. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हा पाय घडविला. तो लावून अनवाणी चालता येते, मांडी घालून बसता येते, शेतात काम करता येते. तो गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविण्यासाठी देवेंद्र राज मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. भगवंतांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचा तो काळ होता. मेहतासाहेब स्वतः १९६९ मध्ये अपघातात पायाला गंभीर इजा होऊन दीर्घकाळ रुग्णालयात होते. महोत्सव कसा साजरा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरील तो शेतकरी आज असाच पाय लावून शेतात जातो. दिवाळीला त्याचा फोन येतो.

आता आपल्या सुवर्णमहोत्सवाकडे वळतो. वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे आपल्या सहा आभ्यंतर तपांपैकी एक तप आहे. अठाईइतकेच तेही तप आहे, मात्र त्याच्या निमंत्रणपत्रिका छापल्या जात नाहीत. त्या दृष्टीने चार नम्र सूचना करतो.

पहिली, चातुर्मासापूर्वी दरवर्षी ट्रस्टने मधुमेहींसाठी तपासणी शिबिर घ्यावे आणि त्यात पावलांची तपासणी आवर्जून व्हावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. दीर्घ उपवास करू इच्छिणाऱ्या मधुमेहींनी प्रथम डॉक्टरांचा आणि मग महाराजसाहेबांचा सल्ला घ्यावा.

दुसरी, प्रत्येक घरात ही लक्षणे माहीत असावीत: जखमेच्या मानाने फार अधिक वेदना, तासागणिक पसरणारी सूज व लाली, जांभळी त्वचा, फोड, थंडी-ताप, भ्रम. लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून शेजारी वेळ लिहावी. लाली काही तासांत रेघ ओलांडून गेली तर सकाळची वाट पाहू नये. आणि भ्रम, थंडी-ताप वा जांभळी त्वचा दिसली तर रेघेचीही वाट पाहू नये. आपल्याकडे थोरामोठ्यांना सरळ मुंबईस हलविण्याची रीत आहे. मुंबई येथून सुमारे ४२० किलोमीटर आहे आणि या रोगात तेवढा वेळ नसतो. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यास त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दोन्ही शहरांत खासगी शल्यचिकित्सकही आहेत. पहिली शस्त्रक्रिया जवळ व्हावी, पुढचा विचार नंतर.

तिसरी, पैशांअभावी कोणी थांबू नये. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावे आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले धुळे होते. आता तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. तथापि मध्यरात्री कागदपत्रे कोण जमविणार? ट्रस्टने दोन कार्यकर्ते नेमावेत आणि पहिल्या रात्रीच्या अनामत रकमेसाठी लहानसा निधी ठेवावा, जात-धर्म न विचारता. त्या निधीत पहिली रक्कम माझी राहील. सत्कारासाठी घरी बाजूला काढून ठेवलेली ती रक्कम तशीच पडून आहे.

चौथी, बरे होऊन घरी आलेल्या रुग्णाकडे आठवड्यातून एकदा कोणीतरी जावे. वॉकर, वॉटरबेड, चाकांची खुर्ची हे साहित्य ट्रस्टकडून परतीच्या बोलीवर मिळावे. तासभर बसणारा माणूस मिळाला तर औषधाची अर्धी कडू चव जाते.

बंधू-भगिनींनो, माझ्या पोटरीवर आज मांडीची त्वचा आहे. ती आसपासच्या त्वचेशी एकरूप झालेली नाही, ठिगळ वेगळे दिसते. कापडाच्या धंद्यात ठिगळ लपविण्याची आमची रीत असते. हे मी लपवीत नाही. दुकानात कोणी पायाकडे पाहिले तर मी स्वतःहून सांगतो, आणि त्याला विचारतो, शेवटची साखर कधी तपासली?

२०१९ ची संवत्सरी माझ्याकडून राहून गेली. त्या दिवसांत घरच्यांपासून, संघापासून आणि महासतीजींपासून मी सत्य लपविले, मुलास नको ते बोललो, तपाचा मान स्वतःसाठी मागितला. त्या सर्वांबद्दल आज या सभेत मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.